नाकाजवळची फट

डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधलेला आठ वर्षांचा ब्राम प्लास्टिकच्या खुर्च्यांमधून सायकल चालवत होता आणि जावा बेटावरच्या लासेम गावाचं अख्खं सभागृह तोंडात बोट घालून बघत होतं. एकाही खुर्चीला धक्का लागला नाही. सायकल मंचापाशी थांबली. ब्रामनं उतरून एक रंगीत पत्ता हातात घेतला, नाकाशी नेऊन हुंगला आणि "जांभळा" म्हणून सांगितलं. पत्ता जांभळाच होता. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी अल्लाचं नाव घेतलं, पुढच्या बायांनी मोबाइल उंच केले, आणि कोच रेवाननं दोन्ही हात असे पसरले की जांभळा रंग जणू त्यानंच त्या सकाळी शोधून काढला होता.

हा कोच रेवान म्हणजे गालाला माइक चिकटवलेला, भर उकाड्यात चंदेरी कोट घालणारा पस्तिशीचा तरणाबांड माणूस. सेमारांग शहरातून आला होता. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक मुलाच्या मेंदूच्या मधोमध एक दार असतं. ते बंद असतं म्हणून मूल चंचल असतं, विसराळू असतं, उलट बोलतं. त्याच्याकडे असं संगीत आहे, की ज्याच्या लहरींनी ते दार दोन दिवसांत उघडतं. उघडलं की मूल हुंगून वाचतं, मग साधं वर्गात बसणं ते काय? त्या लहरी कसल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण सांगताना तो मधूनमधून जपानचं नाव घ्यायचा.

"डॉक्टर म्हणतात, मुलाचा मेंदू पिकायला वर्षं लागतात," तो म्हणाला. "बरोबर आहे त्यांचं. झाडावर ठेवलेल्या आंब्याला वेळ लागतोच. पण शहाणी आई काय करते? अढी घालते. मी तुमच्या मुलांची अढी घालायला आलोय, बू."

बू म्हणजे आई, बायांना आदरानं मारायची हाक. बाया हसल्या. तिसऱ्या रांगेत बसलेली निंग मात्र हसली नाही. आपल्या मुलीचं मनगट तिनं एका हातानं घट्ट धरलं होतं, कारण सोडलं असतं तर गालुह केव्हाच मंचावर जाऊन त्या सायकलची घंटी वाजवत बसली असती.

गालुह नऊ वर्षांची. निंग बातिकच्या कारखान्यात काम करायची, दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून चांटिंगच्या, म्हणजे मेणाच्या लेखणीच्या, तांब्याच्या चोचीतून कापडावर गरम मेणाची नक्षी काढायची. तिचा हात इतका स्थिर होता, की लासेमच्या त्या प्रसिद्ध लाल रंगाचे सगळ्यात नाजूक पक्षी तिच्याकडेच यायचे. आणि अशा बाईच्या पोटी ही पोर. एका जागी बसायची नाही, सांगितलेलं दाराबाहेर पडेपर्यंत विसरायची, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची, आणि मनात आलं की ते तोंडातून बाहेर पडलंच म्हणून समजा. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांना तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की तुमच्या दातात पालक अडकलाय. अडकला होता, यात वाद नाही.

पण खरं असणं आणि बोलणं या जावामध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथलं मूल चालायच्या आधी 'इंग्गिह' म्हणायला शिकतं. इंग्गिह म्हणजे होय जी. मोठ्यांनी काही विचारलं की नजर खाली, हात पोटाशी, आणि इंग्गिह. पटलं तरी इंग्गिह, नाही पटलं तरी इंग्गिह. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं पाडणं, आणि एवढी असभ्य माणसं आपल्यात नाहीत, असं सगळ्यांना वाटतं. गालुहला हे कधी जमलंच नाही. निंगनं तिला समजावलं, रागावली, मारलं, मग स्वतःच रडली. मशिदीतलं मंतरलेलं पाणी पाजून झालं, केस कापून नदीत सोडून झाले. नवरा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, दूर परमुलखात. तो फोनवर एवढंच म्हणायचा, की तुझ्याच लाडानं बिघडली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर प्रतिवींनी मात्र दुसरंच सांगितलं होतं. त्या तरुण होत्या, स्वच्छ बोलायच्या, आणि निंगला त्यांनी बसायला खुर्ची दिली होती. मेंदूचा जो पुढचा भाग माणसाला 'थांब, आधी ऐक' म्हणतो, तो अशा मुलांमध्ये उशिरा तयार होतो, त्या म्हणाल्या. सरासरी दोन-तीन वर्षं मागे. घडण तीच, क्रम तोच, फक्त चाल हळू. त्या एका बाबतीत तुमची नऊ वर्षांची मुलगी सहा-सात वर्षांची आहे असं समजा. बुद्धीत ती कमी नाही. तिला पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, मधून उठून फिरू द्या. गरज पडली तर औषध आहे, त्याच्यासाठी मोठ्या गावी जावं लागेल.

"मग तीन वर्षांनी बरी होईल?" निंगनं विचारलं होतं.

डॉक्टर जरा थांबल्या. "बरीचशी मुलं पुष्कळ सुधारतात, बू. काहींचं थोडं मागे राहतं. वचन देता येत नाही."

डॉक्टरबाईंचं हेच चुकलं, असं लोक म्हणतील. खरं बोलताना माणूस थांबतो. रेवान कुठेच थांबत नव्हता. इकडे वचन नसलेली तीन वर्षं, तिकडे छातीठोक दोन दिवस. आणि निंगकडे तीन वर्षं नव्हतीच. शाळेचे मुख्याध्यापक पाक सुरोतो यांनी तिला बोलावून, चहा देऊन, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, की या सहामाहीत गालुह सुधारली नाही तर तिला जिल्ह्याच्या वेगळ्या शाळेत पाठवावं लागेल. ती शाळा मुक्या-बहिऱ्या आणि मतिमंद मुलांची, राहायची सोय तिथेच. मूल सुट्टीत घरी. निंग त्यालाही इंग्गिह म्हणून आली होती आणि घरी येऊन तिनं भात तसाच ठेवला होता.

फी भरून तिनं गालुहचं नाव शिबिरात घातलं.

शिबिर शाळेतच झालं. पाक सुरोतोंनी वर्ग दिला आणि निंगला म्हणाले, की समारोपाला मी स्वतः बघेन, मुलीचं दार उघडलेलं दिसलं तर वेगळ्या शाळेचं नाव काढणार नाही. आईबापांना आत प्रवेश नव्हता. संशयाच्या लहरींनी मुलांची दारं पुन्हा मिटतात, असं कोचनं सांगितलं होतं. खिडक्यांना कागद लावले होते. आतून ढोल, पावा आणि लाटांचे आवाज यायचे, मधूनच हशा. निंग आणि तिची शेजारीण तुतिक चिंचेच्या झाडाखाली इतर आयांबरोबर बसून राहिल्या. आपापल्या मुलांच्या तक्रारी सांगता सांगता त्यांचा वेळ बरा गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गालुह बाहेर आली. निंगनं विचारलं, "न्दूक, जमलं का ग पोरी?"

गालुहनं खाली बघितलं. हात पोटाशी घेतले. "इंग्गिह," ती म्हणाली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. निंगला तिथेच रडू फुटलं.

घरी आल्यावर तिनं मुलीला आपल्या स्टुलावर बसवलं, डोळ्यांवर शिबिरात मिळालेली पट्टी बांधली आणि अर्धवट झालेलं कापड तिच्या मांडीवर पसरलं. गालुहनं ते हुंगलं. इथे लाल आहे, ती म्हणाली, इथे निळा, इथे पक्षी, आणि या फुलाची एक पाकळी तू अर्धीच काढलीयस. निंगनं वाकून बघितलं. पाकळी खरंच अर्धी राहिली होती, तिच्याही लक्षात आलं नव्हतं. ती तशीच धावत तुतिकला हाक मारायला निघाली. मागून गालुह म्हणाली, "आई, एक सांगू?"

"नंतर सांग हं, सोन्या."

त्या 'नंतर'ची तिला पुढे पुष्कळ वेळा आठवण येणार होती.

दुसऱ्या दिवशी समारोपाला गाव लोटलं. मुलं एका रंगाच्या बनियनमध्ये, पट्ट्या बांधून ओळीत. पहिल्या खुर्चीत पाक सुरोतो, त्यांच्या शेजारी गावचे प्रमुख, आणि पार मागे, भिंतीला टेकून, डॉक्टर प्रतिवी. एकेक मूल पुढे यायचं, छातीशी धरलेला पत्ता हुंगायचं, रंग सांगायचं. टाळ्या. कोचचा सहायक मोबाइलवर सगळं टिपत होता. गालुहचा नंबर आला. तिनं लाल ओळखला, हिरवा ओळखला. निंगचा जीव पत्त्यापत्त्यागणिक टांगणीला लागत होता आणि सुटत होता. सहायकानं गालुहचा हसरा फोटो काढला.

इथे पाक सुरोतोंना राहवलं नाही. ते उत्साहानं मंचावर चढले, म्हणाले, मला एक पत्ता दाखवू द्या. संशय म्हणून नव्हे, कौतुक म्हणून. ते उंच माणूस. त्यांनी पत्ता गालुहच्या कपाळासमोर धरला.

गालुहनं मान मागे टाकली. आणखी मागे टाकली. ओठ चावला. लोकांना वाटलं, दार उघडतंय. कोच पुढे सरकला, पण त्याच्या आधी तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"तिथे नाही दिसत. खाली धरा ना, नाकाजवळच्या फटीतून दिसतं."

कुणी हसलं नाही. लासेममध्ये अशा वेळी लोक हसत नाहीत, नजर वळवतात. कोणी पंख्याकडे बघू लागलं, कोणी चपलेकडे. रेवानचा चेहरा क्षणभर पडला. पण असल्या माणसांना पडलेला चेहरा उचलायची सवय असते. त्यानं अत्यंत प्रेमानं गालुहच्या डोक्यावर हात ठेवला. हिचं दार अर्धंच उघडलंय, तो म्हणाला, आणि अर्ध्या उघडलेल्या दारात जुना आजार उभा राहून बोलतोय. मग तो ओळीकडे वळला.

"मुलांनो, तुम्ही फटीतून बघता का? की मेंदूनं बघता?"

"मेंदूनं, कोच."

"खरं सांगताय ना?"

"इंग्गिह," अख्खी ओळ म्हणाली. ब्राम, जो कोचचा सख्खा भाचा होता, सगळ्यात मोठ्यानं म्हणाला.

गालुहनं पट्टी ओढून काढली. "कोचनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "फटीतून दिसतं ते मेंदूचं दिसणं, पण घरी सांगितलंत तर दार बंद होईल आणि आई आजारी पडेल. होय ना रे ब्राम?" ब्राम कोचकडे बघू लागला. तिनं गर्दीत आईला शोधलं.

कोचनंही शोधलं. "बू निंग, तुम्हीच सांगा. काल घरी हिनं हुंगून कापड ओळखलं, असं सकाळी तुम्हीच मला सांगितलंत. डोळे बांधले होते ना?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. निंग उभी राहिली. आणि उभी राहता राहताच तिला लख्ख दिसलं, की कापड मांडीवर होतं. मांडी नाकाच्या खाली असते. एवढं साधं, की हसू यावं. समोर पाक सुरोतो, ज्यांच्या हातात तिच्या मुलीची शाळा. बाजूला गावचे प्रमुख. मंचावर पाहुणा, घामेजलेला, तिच्याकडे विनवणीनं बघणारा, आणि एका शब्दानं सगळ्यांदेखत उघडा पडणारा. तिच्या आईनं, आजीनं, गावानं तिच्या जिभेला जे शिकवलं होतं, ते तिच्या आधी बोललं.

"इंग्गिह," निंग म्हणाली.

टाळ्या पडल्या. सुटकेच्या होत्या त्या. डॉक्टर प्रतिवी मागून काहीतरी बोलायला लागल्या, त्यांनी ब्रामच्या नाकाखाली पुठ्ठा धरून बघू द्या असं म्हटलेलं त्यांच्या पुढच्या दोन रांगांना ऐकूही आलं, पण तेवढ्यात लाटांचं संगीत मोठं झालं आणि चहा आला. गालुह मंचावर पट्टी हातात घेऊन उभी होती. ती आईकडे बघत होती. रडत नव्हती, तिला फक्त समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर निंगच्या घरी आल्या. रागवायला आल्या असतील म्हणून निंगनं आधीच माफी मागितली. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली आणि तिलाच स्टुलावर बसवून ती पट्टी तिच्या डोळ्यांवर बांधली. घट्ट बांधली. निंगला अंधार दिसला. मग डॉक्टर म्हणाल्या, मान तशीच ठेवा, नजर खाली टाका. नाकाच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन चिरा होत्या. त्यांच्यातून स्वतःची मांडी दिसली, कापड दिसलं, लाल दिसला. ती पाकळी अजून अर्धीच होती.

"ज्याला नाक आहे त्याला ही फट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सायकलवाल्यालासुद्धा. जमीन दिसली की सायकल चालवता येते. पुठ्ठा धरला की विद्या संपली."

निंग पट्टीच्या आड रडली. पट्टी ओली झाली तरी तिनं ती काढली नाही.

"बाकीच्या मुलांनी का नाही सांगितलं?" तिनं विचारलं.

"त्यांचा मेंदू वेळेवर तयार झालाय, बू. त्यांना थांबता येतं." डॉक्टर थोड्या कडवटपणे हसल्या. "त्या ओळीत एकट्या गालुहला थांबता आलं नाही, म्हणून खरं कळलं. यात देवाची करणी वगैरे काही नाही. तिला ते पेललं नाही, एवढंच. आणि मोठ्यांनी निदान मग तरी ऐकायला हवं होतं."

निंग उठली, तोंड धुतलं आणि तशीच शाळेत गेली. पाक सुरोतोंना तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. स्टूल, मांडी, पाकळी, पट्टी. त्यांनी शांतपणे ऐकलं. तिला चहा दिला. मग ते म्हणाले, "बू, तुम्ही काल सगळ्यांसमोर होय म्हणालात. आज नाही म्हणताय. मी कोणतं धरू?"

त्यांचं म्हणणं पुढे असं, की दार उघडलं होतं असं धरलं, तर मुलगी मुद्दाम खोटं बोलून पाहुण्यांचा अपमान करते, म्हणजे दुष्ट आहे. नव्हतं उघडलं असं धरलं, तर दोन दिवसांच्या शिबिरानंही ज्याच्यात फरक पडत नाही असं मूल आपल्या शाळेचं नाही. दोन्हीकडून एकच निघतं. हे त्यांनी इतक्या सौम्यपणे सांगितलं, की जाताना निंगनं सवयीनं वाकून नमस्कार केला.

डॉक्टरांनी हार मानली नाही, हे सांगायला हवं. त्यांनी बायांच्या भिशीच्या बैठकीत ब्रामला बोलावलं. पाहुणा म्हणून तो अजून गावातच होता. त्याच्या हनुवटीवर, नाकाखाली, पुठ्ठ्याचा तुकडा धरला. ब्राम हुंगत राहिला. पाच पत्त्यांतला एकही बरोबर आला नाही, शेवटी पोर घाबरून रडायला लागलं. बायांनी सगळं नीट बघितलं. इंग्गिह, बू डॉक्टर, म्हणाल्या. कळलं, म्हणाल्या. तुतिकनं तर पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. आणि दारात चपला घालताना एकमेकींना म्हणाल्या, की डॉक्टरबाईंच्या संशयानं बिचाऱ्याचं दार मिटलं. तुतिकनं आपल्या धाकट्याचं नाव पुढच्या शिबिरात घातलं. दिलेली फी परत येत नसते, आणि आपण फसलो हे मान्य करण्यापेक्षा पुन्हा फसणं माणसाला सोपं जातं. हे काही लासेमलाच होतं असं नाही.

निंग गालुहला जिल्ह्याच्या त्या वेगळ्या शाळेत पोचवायला गेली तेव्हा सकाळ होती. बसमध्ये गालुह खिडकीशी बसली, उठली, परत बसली, पुढच्या सीटची रेक्झीन खरवडली. मिठागरं दिसली तेव्हा तिनं खिडकीला नाक लावलं. मग तिनं विचारलं, "आई, मी इंग्गिह म्हटलं असतं तर घरी राहिले असते?"

निंगला उत्तर येत होतं. होय, राहिली असतीस. ते खरं होतं, आणि ते आपल्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं तिचं डोकं आपल्या कुशीत ओढलं. नवी शाळा चांगली होती, बाई प्रेमळ होत्या. पण वर्गातली बहुतेक मुलं बोलत नव्हती, आणि गालुह तिथेही दारात पाऊल टाकल्याबरोबर बोलायला लागली. निंग मागे न बघता फाटकाबाहेर आली.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर केळीच्या पानात बांधलेले तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या. वाटेतल्या एका गावात बस थांबली. समोरच्या सभागृहावर भला मोठा फलक होता. चंदेरी कोटातला रेवान, आणि त्याच्या शेजारी काळी पट्टी बांधून हसणारी गालुह. खाली लिहिलं होतं, 'दोन दिवसांत दार उघडलं. आईची साक्ष.'

म्हातारीही बघत होती. "माझा नातू असाच आहे, बाई," ती म्हणाली. "एक क्षण बसत नाही. आज त्याचं नाव घालायला उतरणार आहे मी इथे. उपयोग होतो का हो याचा? तुम्हाला काही माहीत आहे?"

निंगनं फलकाकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. आयुष्यात मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. "उपयोग होत नाही. पट्टीखालून फटीतनं दिसतं. तुम्ही फक्त एवढं करा, नाकाखाली एक पुठ्ठा धरायला सांगा. ते धरू देत नसतील तर नातवाला घेऊन सरळ घरी जा. त्याला वेळ द्या. त्याचं डोकं तयार होतंय, हळू होतंय, एवढंच. आणि तो काय सांगतो ते ऐका. ती फलकावरची मुलगी माझी आहे."

म्हातारीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. तिनं निंगच्या हातावर आपला हात ठेवला, नजर खाली केली आणि फार आदरानं म्हणाली, "इंग्गिह, बू. इंग्गिह."

मग तिनं तेंपे सावरले आणि ती उतरली. बस सुटेपर्यंत निंग बघत होती. म्हातारीनं रस्ता ओलांडला, फलकाखाली उभं राहून चष्मा पुसला आणि सभागृहात गेली.